पार्टनरशिपची पेन्शन के-१ वर येते, मग स्टेट रिटर्नमध्ये ती दाखवायची कशी

माझे मामा शिकागोच्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये पार्टनर होते, ३० जून २०२१ ला रिटायर झाले आणि तेव्हापासून फर्म त्यांना दर महिन्याला ४,५०० डॉलर देते, हयात असेपर्यंत देणार आहे. घरात सगळे त्याला पेन्शनच म्हणतात, मामी तर एक तारीख उजाडली की "पेन्शन जमा झाली का बघा" असंच म्हणते. राहतात इलिनॉयमध्ये, नेपरव्हिलला, आणि इलिनॉय रिटायरमेंटच्या पैशावर स्टेट टॅक्स घेत नाही हे तिथल्या आपल्या सगळ्या लोकांना माहीत असतं, मामांनाही होतं. तरी २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं त्यांनी या पूर्ण रकमेवर स्टेट टॅक्स भरला. वर्षाचे ५४,००० डॉलर, त्यावर इलिनॉयचा सरसकट ४.९५ टक्के, म्हणजे वर्षाला २,६७३, दोन वर्षांचे मिळून ५,३४६ डॉलर. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं, रिटर्न भरून देणाऱ्याने कागद जसा आला तसा सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि सॉफ्टवेअरला कळायचा प्रश्नच नव्हता की ही पेन्शन आहे.

मी खराडीला यूएस टॅक्सचंच काम करते, जानेवारी ते एप्रिल दिवसरात्र के-१ (पार्टनरच्या वाट्याच्या कमाईचा फर्मकडून येणारा कागद) आणि १०४० (फेडरल, म्हणजे केंद्राच्या इन्कम टॅक्स रिटर्नचा फॉर्म) बघत असते, आणि तरी घरातल्या माणसाची ही चूक मला दोन वर्षं कळली नाही याचं खरंच वाईट वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये मामा-मामी पुण्यात आले होते, कर्वेनगरला आमच्याकडेच होते, जेवण झाल्यावर मामांनी सहज फाईल काढली आणि मग रात्री साडेबारापर्यंत आम्ही दोघं डायनिंग टेबलवर कागद पसरून बसलो. तेव्हा जे बघितलं आणि त्यानंतर जे केलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण पुण्यातल्या कितीतरी घरांत कोणाचा ना कोणाचा भाऊ, काका, सासरे तिकडच्या सीए फर्म, लॉ फर्म, आर्किटेक्ट किंवा कन्सल्टिंग फर्ममधून पार्टनर म्हणून रिटायर झालेले आहेत, आणि आमच्या टीममध्ये बीकॉम करून ईएची (एनरोल्ड एजंट, अमेरिकन टॅक्सच्या कामाचा तिकडचा परवाना) परीक्षा देणारी जी नवीन मुलं येतात त्यांनाही हे कोणी वेगळं बसून शिकवत नाही.

आधी हे समजून घ्या की हा पैसा वेगळ्या कागदावर का येतो. नोकरीतून रिटायर झालेल्या माणसाला पेन्शन प्लॅनमधून किंवा ४०१-केमधून (नोकरीतल्या रिटायरमेंट बचतीच्या खात्यातून) पैसे येतात आणि त्याचा फॉर्म असतो १०९९-आर. पार्टनर हा फर्मचा नोकर नसतो, मालकांपैकी एक असतो, त्यामुळे रिटायर झाल्यावर फर्म स्वतःच्या चालू कमाईतून त्याला जे ठरलेले पैसे देते ते टॅक्सच्या भाषेत गॅरंटीड पेमेंट होतात, फेडरल कायद्याच्या सेक्शन ७३६ खाली, आणि ते येतात पार्टनरशिपच्या फॉर्म १०६५ सोबतच्या शेड्यूल के-१ वर. म्हणजे काम करत असताना जो कागद यायचा तोच कागद रिटायर झाल्यावरही येत राहतो, तसाच दिसतो, फक्त आतले आकडे बदललेले असतात. मामा मला म्हणाले, "अगं मला वाटलं मी अजून पार्टनरच आहे म्हणून पाठवतात."

आता फेडरल रिटर्नमध्ये काय होतं बघा. १०९९-आरचा पैसा १०४० च्या पहिल्या पानावर जातो, आयआरए (स्वतः उघडलेलं रिटायरमेंट खातं) असेल तर लाईन ४बी, पेन्शन असेल तर लाईन ५बी, आणि सोशल सिक्युरिटी लाईन ६बी. के-१ चं गॅरंटीड पेमेंट मात्र जातं शेड्यूल ईच्या दुसऱ्या पानावर, तिथून शेड्यूल १ च्या लाईन ५ वर, आणि मग इतर कमाईबरोबर मिसळून १०४० च्या लाईन ८ वर. पोहोचतं एकूण कमाईतच, पण पेन्शनच्या दारातून येत नाही, धंद्याच्या दारातून येतं.

इलिनॉयच्या आयएल-१०४० मध्ये, म्हणजे स्टेट रिटर्नच्या फॉर्ममध्ये, लाईन १ ला फेडरलची ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (काही ठरावीक वजावटींनंतरची एकूण कमाई) येते, म्हणजे त्यात मामांची पेन्शन आलीच. मग लाईन ५ ला सोशल सिक्युरिटी आणि रिटायरमेंटची कमाई वजा करायची असते. आणि सॉफ्टवेअर ही लाईन ५ भरताना काय करतं, तर फेडरलच्या ४बी, ५बी, ६बी या लाईनींवरून आकडे उचलतं. शेड्यूल ईकडे ते बघतच नाही. मामांचा ४०१-के पण आहे आणि सोशल सिक्युरिटी पण सुरू आहे, त्यामुळे लाईन ५ रिकामी नव्हती, तिथे चांगला मोठा आकडा होता, म्हणून कोणालाच संशय आला नाही. रिकामी असती तर मामांनी पहिल्याच वर्षी विचारलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट, के-१ हातात घ्या आणि बॉक्स ४ बघा. त्याचे तीन भाग असतात, ४ए म्हणजे सेवेबद्दलचं गॅरंटीड पेमेंट, ४बी म्हणजे कॅपिटलबद्दलचं आणि ४सी म्हणजे दोन्हीची बेरीज. मामांच्या २०२२ च्या के-१ वर ४ए ला ५४,००० आणि ४सी ला ५४,००० होते, ४बी रिकामा. मग खाली बॉक्स १४ बघा, तो सेल्फ एम्प्लॉयमेंटच्या, म्हणजे स्वतःच्या धंद्यात काम करून मिळवलेल्या कमाईचा बॉक्स. मामांचा १४ रिकामा होता. बॉक्स ४ मध्ये आकडा आणि बॉक्स १४ मध्ये काहीच नाही, ही जोडी दिसली की समजायचं की फर्म या पैशाला रिटायर्ड पार्टनरचं रिटायरमेंट पेमेंट धरते आहे. मी त्या रात्री मामांना पेन्सिलने त्या दोन बॉक्सना गोल करून दाखवले तेव्हा त्यांना एकदम उलगडा झाला.

ही जोडी एवढी महत्त्वाची का, तर फेडरल कायद्याचा सेक्शन १४०२, त्यातलं (ए)(१०) हे कलम. त्यात सांगितलंय की रिटायर्ड पार्टनरला मिळणारा पैसा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्समधून (अशा कमाईवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी लागणारा वेगळा टॅक्स) कधी वगळायचा, आणि इलिनॉयच्या कायद्याने आपली वजावट थेट त्याच व्याख्येला बांधली आहे, रिटायर्ड पार्टनर्सना दिलेली जी पेमेंट्स १४०२ खाली सेल्फ एम्प्लॉयमेंटच्या कमाईतून वगळली जातात ती इलिनॉयमध्ये वजा होतात. त्यामुळे इलिनॉयचा प्रश्न सोडवायचा असेल तर फेडरलची ती अट पूर्ण होते का हे बघायचं, बाकी पेन्शन हा शब्द कागदावर असो नसो. फर्मच्या पत्रांमध्ये तर बहुतेक वेळा पेन्शन शब्द नसतोच, रिटायर्ड पार्टनर बेनिफिट किंवा रिटायरमेंट पेमेंट असं काहीतरी असतं.

अटी अशा आहेत, आणि या मी जरा सावकाश सांगते कारण खरी गडबड इथेच होते. फर्मचा लेखी प्लॅन पाहिजे, तोंडी ठरलेलं चालत नाही, आणि तो सगळ्या पार्टनरांसाठी किंवा पार्टनरांच्या एखाद्या वर्गासाठी पाहिजे, एका माणसापुरता केलेला सौदा नको. पैसे ठरावीक काळाने येत राहिले पाहिजेत आणि निदान त्या पार्टनरच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले पाहिजेत. त्या वर्षात त्या माणसाने फर्मसाठी काहीही काम केलेलं नसावं. त्याचा कॅपिटलमधला हिस्सा त्याला पूर्ण परत मिळालेला असावा. आणि रिटायरमेंटच्या या पैशाशिवाय बाकीच्या पार्टनरांकडून त्याचं दुसरं काही येणं शिल्लक नसावं.

कॅपिटलचं कसं कळेल, तर के-१ वर आयटम एल असतो, कॅपिटल अकाउंटचा, त्यात वर्षअखेरची शिल्लक शून्य आहे का बघा, आणि आयटम जे मध्ये नफ्यातला हिस्सा किती टक्के दाखवलाय तेही बघा. मामांचं कॅपिटल फर्मने डिसेंबर २०२१ मध्येच परत केलं होतं. पण काही फर्म कॅपिटल तीन-चार वर्षांत हप्त्याने देतात, आणि तसं असेल तर कॅपिटलचा शेवटचा हप्ता मिळेपर्यंत ही अट पूर्ण होत नाही हे लक्षात ठेवा. शिवाय कॅपिटल परत मिळालेला पैसा हा वेगळाच, तो पेन्शन नाही, तो बॉक्स १९ मध्ये डिस्ट्रिब्युशन म्हणून दिसतो, त्याची बेरीज पेन्शनमध्ये करायची नाही. एकाच बँक खात्यात दोन्ही जमा होतात म्हणून लोक स्टेटमेंट बघून बेरीज मारतात, असं अजिबात करू नका, आकडा के-१ वरूनच घ्या.

काम केलेलं नसावं ही अट पूर्ण वर्षाची आहे, आणि वर्ष म्हणजे फर्मचं टॅक्स वर्ष. मामा मला म्हणाले २०२१ चंही करून टाक की, जुलै ते डिसेंबर सहा महिने पेन्शनच होती, २७,००० डॉलर. मुदत पण शिल्लक होती. पण नाही करता येत, कारण जानेवारी ते जून २०२१ ते फर्ममध्ये काम करत होते आणि फर्मचं वर्ष जानेवारी-डिसेंबर, म्हणजे त्या वर्षात सेवा दिलेली आहे, मग त्या वर्षातले सहा महिने पेन्शनचे असले तरी १४०२ च्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचा २०२१ चा के-१ काढून बघितला तर बॉक्स १४ मध्ये तो आकडा होताच, फर्मने बरोबरच भरलं होतं. मामा थोडे खट्टू झाले पण मी तो हट्ट धरू दिला नाही, चुकीची वजावट घेऊन नंतर पत्र येण्यापेक्षा ते बरं. हीच अट पुढेही त्रास देऊ शकते, रिटायर झालेल्या माणसाला फर्म प्रेमाने बोलावते, एखाद्या जुन्या क्लायंटची मीटिंग करून द्या, नवीन मुलांना दोन दिवस ट्रेनिंग द्या, आणि हे आनंदाने जातात. जाण्याआधी विचारा. दोन दिवसांच्या कामाने त्या वर्षाच्या सगळ्या पेन्शनचा दर्जा धोक्यात येऊ शकतो.

आणि मृत्यूपर्यंत चालू राहणं. काही फर्म रिटायर्ड पार्टनरला ठरावीक दहा वर्षं किंवा पंधरा वर्षं पैसे देतात आणि मग बंद. असा प्लॅन या कलमात बसत नाही, कारण हयातभराची हमी नाही. त्यामुळे इलिनॉयमध्ये राहणाऱ्या माणसाला या कलमाच्या जोरावर वजावट मिळत नाही, आणि के-१ च्या बॉक्स १४ मध्येही तो आकडा बहुधा दिसतो. दोन मित्र एकाच वर्षी दोन वेगळ्या फर्ममधून रिटायर झाले, एकाची वजावट मिळते दुसऱ्याची नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे एवढंच असतं.

के-१ च्या मागची पानं वाचा. पहिलं पान सगळे बघतात, पण मागे जी पुरवणी जोडलेली असते, दोन पानांची असो नाहीतर वीस, त्यात बऱ्याच फर्म एका ओळीत लिहितात की बॉक्स ४ मधली अमुक रक्कम १४०२(ए)(१०) खालचं रिटायरमेंट पेमेंट आहे. मामांच्या के-१ मध्ये ती ओळ सातव्या पानावर होती, बारीक अक्षरात, भिंग घेऊन वाचावी अशी. अशी ओळ नसेल तर फर्मच्या टॅक्स डिपार्टमेंटला मेल करून लेखी उत्तर मागा आणि पार्टनरशिप ॲग्रीमेंटमधला रिटायरमेंटचा भाग मागून घ्या. मेलमध्ये सरळ विचारायचं की हे पैसे लेखी प्लॅनखाली हयातभरासाठी आहेत का, माझं कॅपिटल कोणत्या तारखेला पूर्ण परत झालं, आणि बॉक्स ४ मधली किती रक्कम १४०२(ए)(१०) खाली येते. मामांना चार दिवसांत उत्तर आलं, आणि तेच उत्तर पुढे सगळ्यात कामाला आलं.

मग प्रत्यक्ष भरणं. ते खरं सांगायचं तर पाच मिनिटांचं काम आहे. फेडरलमध्ये के-१ जसा आहे तसाच टाकायचा, शेड्यूल ईच्या नॉनपॅसिव्ह रकान्यात, तिथे काही चतुराई करून तो आकडा उचलून लाईन ५बी ला नेऊ नका, कारण १०९९-आर नसताना ५बी ला आकडा गेला तर आयआरएसच्या (केंद्राच्या टॅक्स खात्याच्या) रेकॉर्डशी मेळ बसत नाही. एवढंच बघायचं की सॉफ्टवेअरने त्यावर सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लावला नाही ना. तो १५.३ टक्के असतो, आणि मी असे रिटर्न बघितलेत जिथे बॉक्स १४ रिकामा असूनही भरणाऱ्याने गॅरंटीड पेमेंट दिसलं म्हणून हाताने शेड्यूल एसई (त्याच टॅक्सचा फॉर्म) जोडलं होतं. शेड्यूल एसई दिसलं तर थांबा आणि का आलं ते शोधा.

स्टेटमध्ये आयएल-१०४० च्या लाईन ५ ला सॉफ्टवेअरने जो आकडा आणलाय त्यात ही रक्कम हाताने वाढवायची. मी जे सॉफ्टवेअर वापरते त्यात इलिनॉयच्या भागात रिटायरमेंटच्या वजावटीचं वेगळं पान आहे, तिथे इतर रिटायरमेंट रकमेची जागा आहे, तिथे टाकायचं. शेड्यूल एम आणि लाईन ७ मध्ये टाकायचा मोह होतो कारण तिथे इतर वजावटी असतात, पण याची जागा लाईन ५ च आहे. लाईन ५ साठी इलिनॉय फेडरल रिटर्नचं पहिलं पान जोडायला सांगतं, आणि तुमच्या बाबतीत पहिल्या पानावर हा आकडा पेन्शन म्हणून दिसणारच नाही, म्हणून के-१, ती पुरवणीतली ओळ असलेलं पान आणि फर्मचं उत्तर, हे तिन्ही एकत्र पीडीएफ करून हाताशी ठेवा. स्टेटकडून पत्र आलं तर घाबरायचं नाही, लाईन ५ चा आकडा फेडरलच्या पानाशी जुळत नाही म्हणून ते विचारतात, दिलेल्या तारखेच्या आत हे तीन कागद पाठवायचे.

मागच्या वर्षांचं सुधारायचं असेल तर फॉर्म आयएल-१०४०-एक्स, प्रत्येक वर्षाचा वेगळा. रिफंड मागायची मुदत साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं असते, त्यामुळे जुनी वर्षं आधी करा. आम्ही २०२२ आणि २०२३ असे दोन भरले, कारणाच्या जागी दोनच वाक्यं लिहिली, की रिटायर्ड पार्टनरचं रिटायरमेंट पेमेंट जे १४०२(ए)(१०) खाली वगळलं जातं ते मूळ रिटर्नमध्ये वजा करायचं राहिलं होतं, आणि सोबत तेच कागद. दोन्ही वर्षांचे पैसे परत आले. मामीने फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज ऐकून मला माझ्या बोनसपेक्षा जास्त आनंद झाला.

एक अजून, के-१ उशिरा येतो. पार्टनरशिपची मुदत १५ मार्च, पण फर्मने मुदतवाढ घेतली तर १५ सप्टेंबरपर्यंत जाऊ शकतं. अंदाजाने आकडा टाकून एप्रिलमध्ये रिटर्न भरू नका, एक्स्टेंशन घ्या. पण एक्स्टेंशन रिटर्न भरायला मिळतं, पैसे द्यायला नाही, अंदाजे टॅक्स १५ एप्रिललाच भरायचा. आणि या पेन्शनमधून टॅक्स कापला जात नाही, त्यामुळे फेडरलचे चार हप्ते, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीच्या पंधरा तारखेचे, स्वतः लक्षात ठेवून भरायचे.

हे सगळं इलिनॉयचं झालं. दुसऱ्या स्टेटमध्ये हेच गणित लावू नका. टेक्सास आणि फ्लोरिडामध्ये पगारावर, पेन्शनवर स्टेट इन्कम टॅक्सच नाही, तिथे प्रश्न मिटला. कॅलिफोर्निया सोशल सिक्युरिटी सोडते पण अशा पेन्शनला रहिवाशांसाठी सरसकट सूट देत नाही, तिथे राहणाऱ्याला भरावाच लागतो. प्रत्येक स्टेटची व्याख्या वेगळी, वयाची अट वेगळी, म्हणून त्या स्टेटच्या सूचनांमध्ये रिटायर्ड पार्टनर हे शब्द आहेत का ते शोधा, नुसतं पेन्शन एक्झेम्प्ट असं वाचून खूश होऊ नका.

आता जे लोक तिकडचं घर विकून कायमचे पुण्याला आले त्यांच्यासाठी. मामांचे एक मित्र आहेत, आम्ही काकाच म्हणतो त्यांना, बाणेरला राहतात, तेही शिकागोच्याच एका फर्ममधून रिटायर झाले, पण त्यांचा प्लॅन दहा वर्षांचा आहे, हयातभराचा नाही. त्यांच्या फर्मने ते इलिनॉयबाहेर गेल्यावर नॉनरेसिडेंट पार्टनर म्हणून स्टेटचा टॅक्स कापायला सुरुवात केली. काकांना वाटलं की भारत-अमेरिका कर करार आहे, त्यामुळे काही भरायला नको. तर तो करार फेडरल इन्कम टॅक्सचा आहे, स्टेट त्यात येत नाहीत, इलिनॉयला करार दाखवून उपयोग नाही.

पण त्यांना वाचवणारा कायदा वेगळाच आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. पूर्वी काही स्टेट्स असं म्हणायच्या की तुम्ही आमच्याकडे काम करून पेन्शन कमावलीत, मग रिटायर होऊन दुसरीकडे गेलात तरी आमचा टॅक्स द्या. त्यावर जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, यूएस कोडच्या टायटल ४ चं सेक्शन ११४, की जो माणूस आता त्या स्टेटचा रहिवासी नाही त्याच्या रिटायरमेंटच्या कमाईवर ती स्टेट टॅक्स लावू शकत नाही. त्यात पार्टनरांबद्दल शंका उरली होती, म्हणून २००६ मध्ये दुरुस्ती करून स्पष्ट लिहिलं की रिटायर्ड पार्टनरला पूर्वीच्या सेवेबद्दल लेखी योजनेखाली मिळणारी पेमेंट्सही यात येतात, योजना रिटायरमेंटच्या लगेच आधी लागू असली पाहिजे, आणि ही दुरुस्ती ३१ डिसेंबर १९९५ नंतरच्या रकमांनाही लावली.

इथली अट १४०२ पेक्षा सैल आहे आणि काकांचं काम त्यातच झालं. पैसे साधारण सारख्या हप्त्यांनी, वर्षातून निदान एकदा, आणि हयातभर किंवा कमीत कमी दहा वर्षं चालणारे असले की पुरे. म्हणजे जो दहा वर्षांचा प्लॅन इलिनॉयच्या रहिवाशाला वजावट देत नाही तोच प्लॅन इलिनॉय सोडून गेलेल्याला संरक्षण देतो. काकांची अजून एक शंका होती की एका वर्षी फर्मची कमाई कमी झाली म्हणून सगळ्या रिटायर्ड पार्टनरांचे पैसे थोडे कापले होते, मग हप्ते सारखे कुठे राहिले. तर कायद्यातच लिहिलंय की आधी ठरलेल्या सूत्राप्रमाणे एकूण रकमेवर मर्यादा घालण्यासाठी किंवा महागाईसाठी रक्कम कमीजास्त केली तर अट मोडत नाही. पण एकरकमी पैसे घेतले तर मात्र हे संरक्षण मिळेल असं धरू नका, फर्म पर्याय देत असेल तर सही करण्याआधी हे नक्की बघा.

काकांनी कापलेला टॅक्स परत मिळवायला आयएल-१०४० आणि नॉनरेसिडेंटांचं शेड्यूल एनआर भरलं, फर्मकडून आलेला इलिनॉयचा शेड्यूल के-१-पी जोडला कारण किती टॅक्स कापला ते त्यावर असतं, आणि ही रक्कम सेक्शन ११४ खाली इलिनॉयच्या कमाईत धरली नाही असं लिहून प्लॅनची प्रत दिली. सोबत फर्मलाही पत्ता बदलल्याचं आणि सेक्शन ११४ चं पत्र पाठवलं, नाहीतर दरवर्षी आधी कापा मग परत मागा हेच चालू राहिलं असतं.

यात रहिवासी नाही हे सिद्ध करता आलं पाहिजे, आणि ते ती स्टेट आपल्या कायद्याने ठरवते. घर विकलं किंवा भाड्याने दिलं, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधली मालकाला मिळणारी सूट, हे सगळं तिकडे तसंच चालू ठेवून मी पुण्याचा असं म्हटलं तर पटणार नाही. उलट मामांसारखे जे थंडीचे तीन महिने इथे काढून परत जातात ते इलिनॉयचेच रहिवासी, त्यांनी सेक्शन ११४ च्या वाटेला जायचंच नाही, त्यांना लाईन ५ पुरेशी आहे. ज्या वर्षात मुक्काम हलवला त्या वर्षी पार्ट-इयर म्हणून शेड्यूल एनआर भरायचं, आणि कोणत्या तारखेला किती हप्ते आले याचा हिशोब ठेवायचा.

कायमचं पुण्याला आल्यावर भारताच्या रिटर्नमध्येही हे येतं. परत आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआरचा (रहिवासी, पण सर्वसाधारण रहिवासी नाही, असा) दर्जा मिळत असेल तर तिकडची ही कमाई इथे लागत नाही, त्यानंतर जगभरची कमाई दाखवावी लागते, तिकडची खाती शेड्यूल एफएमध्ये (रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं पान), आणि अमेरिकन नागरिक असाल तर फेडरल रिटर्नही चालूच. ही रक्कम इथे सॅलरीखाली टाकून पेन्शनचं स्टँडर्ड डिडक्शन घेऊ नका, पार्टनर आणि फर्ममध्ये मालक-नोकराचं नातं नसतं. आणि तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे के-१ चा वर्षाचा आकडा इथे उचलून चालत नाही, महिन्याचे हप्ते मांडावे लागतात. काकांनी एका वहीत दर महिन्याची तारीख, डॉलरमधली रक्कम आणि स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट (बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो) असे तीन कॉलम आखलेत, कर्वे रोडवरचे त्यांचे सीए त्या वहीवरूनच रिटर्न भरतात, आणि तिकडची दोन्ही रिटर्न्स झाली की त्यांच्या प्रती त्याच वहीत घालून ठेवतात.